जन्माचं नाव

आईच्या वॉर्डातली ती नर्स नागालँडची. गळ्यात क्रूस, बोलणं मात्र पक्कं कोल्हापुरी. सुई टोचतानाही बेशुद्ध आईला सांगायची, "दुखत न्हाय की."

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मला म्हणाली, "दादा, आमच्यात माणूस पडला की त्याचा जीव तिथंच ऱ्हातोय म्हणत्यात. माझी आजी नावानं हाक मारून परत आणायची."

आई घरी न्हाणीत पडली होती. घरी जाऊन, तिथं उभा राहून मी ओरडलो, "सुमन, माघारी ये!" आईला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ.

"जन्माचं नाव घेतलंसा न्हवं?" नर्सनं नंतर विचारलं.

सुमन हे लग्नात बदललेलं नाव. माहेरचं नाव आई कधी बोलली नव्हती, आणि सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

मी तिला तसं सांगितलं. मग ती आईच्या कानाशी वाकून, नावावाचूनच म्हणाली, "ये की. माघारी ये की."