देवमनकाका आणि त्यांचा भोळा कॅमेरा

फोटो काढून आज माझं पोट भरतं, ते देवमनकाकांमुळे. पण त्यांचे उपकार मी मानते ते काही त्यासाठी नाही.

वलगावात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि निळा पडदा. त्या स्टुलावर माणसं पोलिसांनी बोलावल्यासारखी बसतात. काका कॅमेरा बाजूला ठेवून पाऊसपाणी, म्हशी, जावई असलं काहीबाही बोलत राहतात आणि माणूस सैल पडला की हळूच बटण दाबतात. बारावीनंतर मी त्यांच्याकडे शिकायला गेले, तेव्हा मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

शिकवणंही चालता चालता. "झूम काहून करतं, वर्षाली? पाय हायेत ना, जवळ जाय." "ऊन डोयात नको, गालावर येऊ दे."

माझ्या मायचा, केशरबाईचा, घरात एकही फोटो नव्हता. उभा जन्म कपाशीच्या वावरात गेलेला, रंग उन्हात रापलेला. एका लग्नात कुण्या फोटोग्राफरने तिला कोळशासारखी काढली, दुसऱ्याने कॉम्प्युटरवर पावडर फासल्यासारखी गोरी केली. पहिला फोटो तिने फाडला. दुसरा पाहून म्हणाली, "हे बाई कोन व्हय?" तेव्हापासून कॅमेरा दिसला की माय स्वयंपाकघरात. माझ्या मोठ्या बहिणीचं, करिश्माताईचं, लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट धरला, फोटो मीच काढणार आणि मायचा एक तरी चांगला काढणार. काकांनी त्यांचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि स्वतः पाहुणे म्हणून आले.

लग्न बुद्धविहारात होतं. आमच्या लग्नात सगळं पांढरं असतं. ताईची साडी पांढरी, नवरदेवाचे कपडे पांढरे, मायची साडी पांढरी, मागे मांडवाचं कापडही पांढरं. वंदना झाली, हार घातले, मी धडाधड काढत सुटले. मग मायला ताईजवळ उभं करून एक काढला आणि हौसेने तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. साड्या राखाडी आणि चेहरे काळेठिक्कर. डोळे कुठे आहेत तेही कळेना.

मायने पदर ओढून घेतला. "मी म्हनलं नव्हतं? आमी अशाच दिसतो. मले नको काढू आता." ती तडक अंगणातल्या भांड्यांकडे निघून गेली. मला रडूच कोसळलं. लेकीच्या लग्नातही माय फोटोत नसणार, आणि तेही माझ्यामुळे.

काका हातातला द्रोण ठेवून आले. ओरडले नाहीत. "कॅमेरा भोळा हाये, पोरी. इतकं पांढरं पाह्यलं का त्याले वाटते, लय उजेड हाये. मंग तो बिचारा अंधार करून टाकते. आपल्याले सांगा लागते त्याले, बाप्पा, उजेड वाढव, मानूस दिसू दे." उजेड वाढवायचं बटण त्यांनी माझ्याच बोटाने दाबायला लावलं. मग मायला हाक मारली, "वयनी, उनात काहून उभ्या रायल्या? वसरीत या." ओसरीत सावली होती आणि अंगणातला उजेड तिथे मऊ होऊन येत होता. ताईलाही त्यांनी मायशेजारी आणून बसवलं. मला म्हणाले, "आता बोल तिच्याशी."

तेव्हा मला त्यांच्या म्हशी आणि जावई कळले. मी विचारलं, "माय, ताई ल्हान होती तवा तिले वावरात कोठी निजवत होती?"

"धुऱ्यावरच्या निंबाखाली, झोळी बांधून. लय रडे थे," म्हणत मायने ताईकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

अल्बम करायला आम्ही अमरावतीला गेलो, तेव्हा माय सोबत आली. तो फोटो पडद्यावर आला. रंग रापलेलाच होता, सुरकुत्याही सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि डोळे हसत होते. अल्बमवाला म्हणाला, "मावशी, थोडं गोरं करून देऊ काय?"

"हात नको लावू त्याले," माय म्हणाली. "हे मीच हाओ."