पंखावरचा ओरखडा

विमानांच्या शेडमध्ये तिला सगळे वहिनीच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे मेकॅनिकसुद्धा. तिचा धाकटा दीर तिथे आधीपासून विमानांत इंधन भरायच्या कामावर होता. ती रंगकामाला लागली तेव्हा तोच "चला वहिनी" म्हणत तिला आत घेऊन आला, आणि नाव पडलं ते पडलंच.

त्या हंगामात तिनं शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान रंगवायला घेतलं. जुना रंग उतरवला, पत्रा घासताना बोटांची सालटी काढून घेतली, प्रायमर दिला, मग पांढऱ्या रंगाचे हात मारले. पंखावर माशी बसली तर घसरून पडेल, असं काम झालं. स्वतःवरच खूश होऊन ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी विमान इंधन भरून, एक फेरी मारून परत आलं. ती शिडीवर चढून पाहते तर काय! पंखाच्या पुढच्या कडेपासून टाकीच्या झाकणापर्यंत लांबलचक ओरखडा, आणि झाकणाभोवती सांडलेल्या इंधनाचा डाग.

"भाऊजी!"

दीर टँकरपाशी पाइप गुंडाळत होता. "काय झालं?"

"नवाकोरा पंख, आणि त्यावरून पाइप फरफटत नेलात? उचलून धरता येत नव्हता?"

"वहिनी, विमान आहे ते. लग्नात मिरवायचं नाहीये."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जेवताना ताटं नेहमीपेक्षा जोरात आदळली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, विमानं आकाशात एकमेकांना टाळून जातात, तुम्हाला एका घरात जमत नाही?"

जेवणं उरकल्यावर तिनं एक जुनी सुती रजई काढली, झाकणाच्या मापाचं भोक पाडून कडा शिवल्या आणि ती घडी दिराच्या पुढ्यात टाकली. "पंखावर हे पसरायचं, मग पाइप घ्यायचा. प्लॅस्टिक बिलकूल नको, त्यानं ठिणगी उडते."

"ते मला शिकवू नका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो टँकरच्या सावलीत तेच कापड अंगाखाली घेऊन आडवा झालेला तिनं पाहिला.

"अहो, लाज नाही वाटत?"

तोही ताडकन उठला. "तुम्हीच भरून दाखवा एकदा!"

"भरते की!"

ठिणगी उडू नये म्हणून त्यानं विमानाला जमिनीशी जोडणारी तार लावली, ती पाइप खांद्यावर घेऊन शिडी चढली. मेला तो पाइप अजगरासारखा जड. कापड पसरावं तर वारा ते उडवू पाहत होता. एक हात कापडावर, एक तोटीवर, मग पाइप धरायचा कशानं, आणि शिडी कशानं? तोटी झाकणाशी नेतेय तोच पाइप खांद्यावरून घसरला. दिरानं खालून धावत येऊन तो दोन्ही हातांनी झेलला, नाहीतर दुसरा ओरखडा तिच्याच हातून उमटला असता.

टाकी भरून ती खाली उतरली, तेव्हा धाप लागली होती. "हे तुम्ही एकटे करता?"

"पूर्वी खाली पाइप धरायला एक जण होता. मॅनेजरनं त्याला काढला. टाकी तेवढीच आहे, म्हणे, मग माणसं दोन कशाला?" त्यानं सदऱ्याची बाही वर केली. खांदा काळानिळा झाला होता.

"आणि हे घरी सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

तिचा राग ओसरला नाही. त्याला फक्त पत्ता सापडला. रंगाचे हात न धुताच ती मॅनेजरच्या खोलीत शिरली.

"कापड शिवलंत ना तुम्ही? मग झालं," मॅनेजर म्हणाला. "त्यातूनही ओरखडा पडला तर पुन्हा रंग मारा."

"कापड धरणार कोण? वारा? माणसाचा खांदा मोडतोय, त्यावर कुठला रंग मारू?"

"आवाज खाली करा, बाई."

"दुसरं विमान रंग उतरवून शेडमध्ये उघडं पडलंय. ते तसंच राहील. पाइप धरायला माणूस आल्याशिवाय मी स्प्रे गन हातात घेणार नाही."

बाहेर आल्यावर तिला धास्ती वाटली. कामावरून काढलं तर? तिनं दिराला तसं दाखवलं मात्र नाही. रोज वेळेवर येऊन ती रिकाम्या हातांनी त्या उघड्या विमानाशेजारी बसून राहिली. दीर येता-जाता तिला चहा आणून देई. शेवटी विमानावाचून खोळंबलेले शिकाऊ वैमानिकच मॅनेजरच्या दारात ओरडू लागले, तेव्हा काढलेल्या माणसाला परत बोलावणं गेलं.

तो पाइप धरायला उभा राहिला, त्याच दिवशी तिनं कामाला हात घातला. पंखावरचा ओरखडाही बुजवला, पण नवा रंग जुन्यात तंतोतंत मिसळेना. इतरांना दिसत नव्हतं. तिला दिसायचं, आणि दिसलं की पुन्हा कानशिलं तापायची.

पुढे एकदा मॅनेजर पाहुण्यांना शेड दाखवत होता. "रंगाच्या बाबतीत मी अगदी काटेकोर आहे," तो म्हणाला. वहिनी शिडीवर होती, तोंडाला मास्क होता. ती आतल्या आत जे काही बोलली, ते पाहुण्यांना ऐकू गेलं नाही, हे मॅनेजरचं नशीब.