सांगलीचं स्थळ

आमच्या दांडिया बाजारातल्या अहल्याबाईंना महाराष्ट्राचं भारी कुतूहल. घराणं मराठी, पण जन्म बडोद्याचा, सासर माहेरापासून चार घरं सोडून. नर्मदेपलीकडे त्या कधी गेल्याच नव्हत्या. तिकडून कुणी आलं की बाई त्याला भंडावून सोडायच्या. आमटीत गूळ किती घालता? हळदीकुंकवाला दुपारी जाता की दिवेलागणीला? उत्तर ऐकताना घरचीच खुशाली कळल्यासारखी मान हलवायच्या.

गुजरात वेगळा झाला, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांच्या लेकीला, सुनंदाला, सांगलीचं स्थळ आलं. बाईंनी ते मनावरच घेतलं. लेक आपल्या मुलखात पडायला हवी, एवढाच ध्यास. हेरंब आणि त्याची आई दुर्गाबाई मुलगी पाहायला आले, त्या दिवशी शेजारीण म्हणून वाढायला मी होते.

पानात पोळी वाढली, बटाट्याची भाजी वाढली. पाहुणे आपले हात आवरून बसलेले. आम्हाला वाटलं, लाजत असतील. ते थांबले म्हणून घरचेही थांबले. पोळ्या पार गार झाल्या.

"घ्या ना बेन, शाक निवतंय," अहल्याबाई म्हणाल्या.

"वरणभात येऊ दे की आधी," दुर्गाबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं उलगडा झाला. त्यांच्याकडे जेवणाची सुरुवात वरणभातानं, आमच्याकडे भात शेवटी. तो अजून चुलीवरच होता. बाईंचा चेहरा उतरला. मला मात्र हसू आवरेना. आमच्या आज्याही भात आधीच वाढत असणार. तो मागे कधी सरकला, कुणाला ठाऊक.

दुर्गाबाई हसल्या नाहीत. "तुम्ही अगदी गुजराथीच झालात हो. आता राज्यही वेगळं झालं. परत यावंसं नाही वाटत?"

"परत?" अहल्याबाई खरंच विचारात पडल्या. "आम्ही इथून गेलो कधी?"

स्थळ हातचं गेलं, असं मी धरूनच चालले. पण भात येईपर्यंत हेरंबनं गुपचूप दोन पोळ्या संपवल्या, आणि पुढच्याच आठवड्यात होकार आला.

लग्न थाटात झालं. स्टेशनवर जो तो बाईंना सांगत होता, लेक आपल्या माणसांत चालली. बाई सगळ्यांना हसून हो म्हणत होत्या. गाडी हलली आणि माझा हात घट्ट धरून त्या रडायला लागल्या.

"परमुलखात दिली गं पोर," त्या म्हणाल्या. "तिथं तिचं कोण आहे?"