करीमच्या सदऱ्याचं माप

करीम पेंटर गेल्याचं त्याच्या मुलीने, शबानाने, फोनवर सांगितलं. "काका, अब्बा गेले. अकोल्याहून घेऊन येऊन राहिलो." मी उठलो आणि सवयीने गळ्यात टेप अडकवली. मग आठवलं, कफनाला टाका नसतो. शिंप्याचं तिथे काही काम नव्हतं...

पातूरला आमची दुकानं तीस वर्षं एकमेकांना लागून. माझं शिलाईचं, त्याचं पाट्या रंगवायचं. "ए दर्जी, मशीन बंद कर बे, माही अक्षरं हालून राहिली," तो भिंतीपलीकडून ओरडायचा. "मशीनीनं नाही, तुह्या हातानं हालते. चष्मा घे," मी म्हणायचो. शिडीवर उभं राहून डाव्या हातात रंगाचा डबा धरायचा, त्यामुळे त्याचा तो खांदा खाली उतरला होता. सदरा मी त्या बेताने कापायचो. अंगावर असा बसायचा की खोट कुणाच्या ध्यानात येत नसे. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांच्या भिंती तो रंगवायचा.

एका लोकसभेच्या वेळी मी ज्या पक्षाचं काम करायचो, त्याचंच दिल्लीत सरकार होतं. गावोगावी माणसं फवारणीचं औषध पिऊन मरत होती आणि आम्ही भिंतींवर 'शेतकरी सुखी' लिहीत होतो. ठरवलेली एक मोठी भिंत रस्त्यावरच्या एका घराची होती. त्या घरातला कर्ता माणूस आठ दिवसांपूर्वी तसाच गेला होता. त्याची बायको उंबऱ्यात बसून बघत होती. करीमने 'शेतकरी' एवढंच लिहिलं, ब्रश धुतला आणि परत आला. "त्या बाईसमोर मले पुढचं नाही लिवता येत, वामन." तो एकटा शब्द त्या भिंतीवर पुढे कितीतरी दिवस होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा आमचा पुढारी माझ्या दुकानात येऊन बसला. आवाज न चढवता म्हणाला, "तुमच्या पेंटरले मतदानाच्या दिवशी पाहू. बूथवर तुमीच बसता ना?"

बसत होतो मीच. समोर आलेला मतदार खरा की खोटा हे पक्षातर्फे सांगायचं, शंका असेल तर आक्षेप घ्यायचा, हे माझं काम. करीम दुपारी आला. मी शिवलेला पांढरा सदरा अंगात होता. ओळखपत्र त्याने आणलं नव्हतं. वामन बसलेला असताना ते कशाला, असं त्याला वाटलं. मी आक्षेप घेतला आणि त्याची फी टेबलावर ठेवली. केंद्राध्यक्ष अमरावतीकडचे, गावात कुणाला ओळखत नव्हते. करीमला गंमतच वाटली. हसत म्हणाला, "सांग ना बे साहेबांले, मी कोन आहो ते." मी यादीकडे बघत म्हणालो, "मी या माणसाला ओळखत नाही."

रांगेतल्या कुणी तोंड उघडलं नाही. दारात पुढाऱ्याची माणसं उभी होती. मतदान संपेपर्यंत पोलिसांनी करीमला शाळेच्या आवारात जीपमध्ये बसवून ठेवलं. खिडकीतून मला त्याचा उतरलेला खांदा दिसत होता.

सरकार बदललं. वर्षभरात पुढारीही नव्या सरकारच्या पक्षात गेला. करीमला मात्र लोक 'बोगस' म्हणत राहिले, आणि भिंतीपलीकडून मी ते ऐकत राहिलो. त्याची कामं तुटली. त्याने मला पुन्हा कधी माप दिलं नाही. बाजारातले तयार सदरे घालायचा, डाव्या खांद्यावर कापड लोंबायचं. शबाना परवा सांगत होती, भाजी आणायला जातानाही अब्बा ओळखपत्र खिशात ठेवत.

म्हणून हे लिहून देतो. त्या दिवशी आलेला माणूस करीमच होता. नाव त्याचं, मत त्याचं. खोटं मी बोललो. हे तो असताना बोलायला हवं होतं...

गेल्या आठवड्यात तीन कार्यकर्ते आले. निवडणूक जवळ आली आहे. "काका, तुमी तं साऱ्यांले वळखता. बूथवर बसा." मी नाही म्हणालो. "इचार करा," म्हणत ते यादी ठेवून गेले. ज्यांच्यावर आक्षेप घ्यायचा, त्या नावांपुढे आधीच पेन्सिलीच्या फुल्या आहेत. एक शबानाच्या नावापुढे आहे. त्या दिवशी मी तिच्यासोबत रांगेत उभा राहणार आहे. पाय साथ देतील तोवर.

यादी मापांच्या वहीवर पडली आहे. वहीत करीमचं पान अजून आहे. छाती, बाही, उंची, आणि खाली माझ्या अक्षरात: डावा खांदा अर्धा इंच खाली. त्या दुपारी ही वही दुकानातच होती, बूथपासून शंभर पावलांवर.