शेवाळाची हाडं

मी स्वभावाने संशयी. मातीची घागर घेताना चार ठिकाणी टिचकी मारून बघणारी. त्यामुळे धाकट्या भावाने ती पुडी हातात ठेवली, तेव्हा पहिल्यांदा मीच ती हुंगली. खारट, शिळा वास आला.

भाऊ पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता. रत्नागिरीच्या खडकांवरून त्याने एक समुद्री शेवाळ खरवडून आणलं होतं. सुटीत त्याचं कूळ आणि जात ठरवायची, असं काम त्याला दिलेलं होतं. आमच्या मोगलाईत, निजामाच्या मुलखात शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायाने पुडी उलगडली आणि हाडं कुणाची म्हणून विचारलं, हे तो हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. फडक्यात पांढुरक्या बारीक कांड्या होत्या, सांध्यासांध्याने जोडलेल्या. तान्ह्या मुलाच्या बोटांची हाडं असावीत तशा.

"ताई, झाड हाय हे," भाऊ म्हणाला. "अंगात चुना भरून घेतंय म्हणून कडक. सांधे तेवढे मऊ राहत्यात, म्हणून लाटंनं मोडत न्हाई."

पावसाळ्यात माहेरचं घर गळायचं, म्हणून पुडी तो माझ्या सासरी, सिरसाळ्याला ठेवून गेला. आमच्या घरात सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे जोंधळ्याची कणगी. कडुनिंबाच्या पाल्याबरोबर मी पुडी आत खोचली आणि विसरून गेले.

त्याच दिवसांत धाकटी जाऊ बाळंत झाली. तिचं माहेर गेवराईकडे, गोदाकाठी. पुराने वाट बंद, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. सगळं मी केलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन कूस रिकामीच होती. ते बाळ पहिल्यांदा माझ्याच मांडीवर निजलं आणि मी त्याच्या वासाने वेडी झाले. बारशाला पाळण्याच्या पलीकडे अक्काच, म्हणजे मीच उभी राहणार, असं जाऊने आपणहून सांगितलं होतं. आमच्यात बाळाला पाळण्याखालून एकीच्या हातून दुसरीच्या हातात देतात. त्या घेण्याची मी वाट बघत होते.

बारसं तोंडावर आलं आणि बाळ तापलं. अंगावर पिईना. पाहुण्यांच्या भाकरीसाठी जोंधळे काढायला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कणगीत हात घातला आणि पुडी बाहेर आली.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. फडकं ओसरीवर पसरून त्यांनी मला बोलावलं.

"हे काय हाय?"

"शेवाळ हाय, आत्याबाई. भावाचं."

"इहिरीच्या पायरीवर असतंय तसलं? शेवाळाला हाडं असत्यात व्हय?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "अन् चांगली वस्तू हाय तर दाण्यात कशापायी लपवली?"

दारात जाऊ बाळाला घेऊन उभी होती. तिने पदर बाळाच्या तोंडावर ओढला. बाकी कुणी काही बोललं असतं तरी मी सोसलं असतं.

भावाने सांगितलेलं मला आठवलं. आंबट घातलं की चुना विरघळतो आणि आतलं झाड तेवढं उरतं. मी वाटीत कांडी टाकून लिंबू पिळलं. फसफसून बुडबुडे आले. आता खरं काय ते दिसेल, या खात्रीने मी वाटी सगळ्यांपुढे धरली. थोड्या वेळाने तळाशी एक मऊ, गुलाबीसर धागा लोळत पडला होता, सांध्यांसकट.

"मास हाय," आत्याबाई म्हणाल्या.

करणीचा पुरावा मीच दिला होता. त्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीत मला मज्जाव झाला. माझ्या हातचं पाणीसुद्धा आत जात नव्हतं. आणि मी? मी भावावर संशय घेऊ लागले. समुद्र मी कुठे बघितला होता? खरंच कुणाची तरी हाडं पोराने उचलून आणली नसतील कशावरून?

निरोप मिळताच भाऊ भिंग आणि वस्तरा घेऊन आला. त्याने एक कांडी उभी चिरून आत्याबाईंच्या हातात भिंग दिलं. हाड असतं तर मध्ये मगजाची पोकळी असती. इथे मक्याच्या कणसासारख्या भरीव ओळी होत्या, एक लांब, एक आखूड. सांध्यात अशा किती ओळी यावरूनच जात ठरते, असं तो म्हणाला. कांडीच्या अंगावर बारीक फोड होते, प्रत्येकाला एक भोक. या झाडाचं बी तिथून बाहेर पडतं. जुने पंडितसुद्धा याला प्राणीच समजून पोवळ्यांत मोजत होते, असंही त्याने सांगितलं.

आत्याबाईंनी भिंग बाजूला ठेवलं आणि अख्खी कांडी उजेडात धरली. शेंड्याकडे तिचे दोन फाटे झाले होते, त्यांचे पुन्हा दोन.

"बोटाला फाटा फुटत न्हाई," त्या म्हणाल्या. "झाडच हाय. मला पटलं."

बाळाचा ताप तोवर आपोआप उतरला होता. बारसं उशिरा झालं, पण झालं. मला पाळण्याजवळ बोलावलं, तेही आत्याबाईंनी स्वतः. मी नवं लुगडं नेसले होते. जाऊने बाळाला पाळण्याखाली धरलं, मी पलीकडून हात पुढे केले. तिने लगेच सोडलं नाही. बायका गात राहिल्या. मग कुणीतरी तिला कोपराने ढोसलं आणि बाळ माझ्या हातात आलं. केवढं हलकं वाटलं ते. त्याला छातीशी धरून मला रडू आलं.

मी पाळण्यावरून बाळ परत दिलं, तेव्हा जाऊने त्याला मांडीवर घेतलं. दुपट्याखाली हात घालून, सगळ्यांच्या देखत, तिने त्याची बोटं एकेक करून चाचपून बघितली.