उन्हातल्या जागेवरची लाल गाडी

आमच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर एका सोमवारी कागद लागला. पार्किंगमधली भंगार अवस्थेतली वाहनं महिनाअखेरपर्यंत हलवावीत, असं त्यात होतं. खाली चेअरमनची सही होती. कुठल्या गाडीमालकाचं नाव मात्र नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. बारा फ्लॅटच्या त्या बिल्डिंगमध्ये रंग उडालेली गाडी एकच होती. माझी.

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स असताना मी ती घेतली होती. छोटी, लालभडक. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. शिरोळकडच्या माझ्या गावी, आमच्या बौद्धवस्तीत, ती पहिल्यांदा नेली तेव्हा वडील बराच वेळ नुसते तिच्याभोवती फिरले. मग मागचं दार उघडून आत बसले.

"पुढं बसा की," मी म्हटलं.

"न्हाय. तू चालीव. मी मागं बसतो, सायबासारखा. आणि चावडीवरनं घे. सावकाश."

चावडीपुढं मी गाडी इतकी सावकाश घेतली की कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना पाय आखडून घ्यावे लागले. वडिलांनी काच खाली केली होती.

तीच गाडी पुढं सतरा वर्षं कोल्हापूरच्या उन्हात उभी राहिली. फ्लॅट घेतला तेव्हा पैसे भरणारी मी चौथी होते आणि शेडखाली सात जागा होत्या. तेव्हाच्या सेक्रेटरीनं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, गावात घर नेमकं कुठल्या बाजूला तेही विचारलं. मग म्हणाला, "सिस्टर, शेडमधल्या जागा सगळ्या गेल्या बघा." माझ्यानंतर सहा महिन्यांनी आलेल्या कुटुंबाला मात्र शेडमध्ये जागा मिळाली. मला तेव्हाच कळलं होतं. पण नवरा आजारी होता, ड्युटी होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. मी गप्प बसले. पश्चिमेच्या भिंतीकडेला गाडी लावत राहिले. टप आणि बॉनेट आधी गुलाबी झाले, मग पीठ भुरभुरल्यासारखे पांढरट. हात फिरवला की तळव्याला रंगाची पूड लागायची.

नोटीस लागली त्या दिवशी मी चेअरमनना जिन्यात गाठलं.

"गाडी चालते, कागदपत्रं पूर्ण आहेत, फेरनोंदणी झालेली आहे. भंगार कुठल्या अर्थानं?"

"मनाला लावून घेऊ नका सिस्टर. पण बिल्डिंगची काही शोभा असते की नाही? दिसायला बघा ना ती."

"बरं. दिसायला बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेले. पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडीकडं नीट पाहिलंही नाही. सगळा रंग खरवडून नवा मारायचा म्हणाला. वर सल्ला दिला, "पांढरी करून टाका मॅडम, आता पांढऱ्यालाच मागणी हाय." मी गाडी मागं घेतली. त्याच गल्लीच्या टोकाला एक वयस्कर पेंटर खुर्ची टाकून बसले होते. छातीच्या दुखण्यानं त्यांनी फवाऱ्यानं रंग मारायचं काम सोडलं होतं. ते उठले, बॉनेटवर नख फिरवलं, एका फडक्याला रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायचा खरबरीत लगदा, लावला आणि तळहाताएवढी जागा घासली. पांढऱ्यातून लाल वर आला. ओला असावा तसा लाल.

"रंग मेलेला न्हाय, ताई. वरनं भाजलाय नुसता."

फडकंही लाल झालं होतं. मी घाबरले.

"हा निघतोय तो रंगच ना, मामा?"

"व्हय की. म्हणून तर हात आवरून घासायचं. वरचा मेलेला थर गेला की थांबायचं. जास्ती घासलं की खालचं पत्र्यावरचं अस्तर दिसणार. कंपनीचा रंग एकदा गेला की गेला."

त्यांनी सगळं समजावून दिलं. आधी गाडी धुवायची, मातीसारख्या मऊ गोळ्यानं चिकटलेली घाण ओढून काढायची. कडांना रंग पातळ असतो, तिथं टेप लावायची. एका वेळी वीतभरच जागा घ्यायची. आणि उन्हात अजिबात घासायचं नाही, कंपाउंड वाळून ओरखडे पडतात.

माझ्या जागेवर ऊन नसण्याची वेळ म्हणजे सकाळी सहा ते आठ. मी भर पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, साडी खोचून कामाला लागले. दूध आणायला निघालेली माणसं थांबून बघायची. चौथ्या दिवशी चेअरमन आले.

"सिस्टर, एखादा माणूस लावायचा. या वयात शोभतं का हे?"

"शोभेचंच काम चाललंय. तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हटलं आणि पुन्हा घासायला लागले.

त्या रागातच चूक झाली. टपाच्या कोपऱ्यावर टेप लावायची राहिली आणि हात जोरात चालला. करड्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका उघडा पडला. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. सतरा वर्षांच्या उन्हाला जे जमलं नव्हतं ते मी स्वतःच्या हातानं केलं होतं. इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी पुढं फडक्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात नेली. मामांनी ठिपका बघितला आणि ते हसले. "माझ्या हातनं किती झालेत म्हाईत हाय? हिकडं आणा." बारीक ब्रशनं त्यांनी लाल टिपून दिला. जवळून बघितलं तर दिसतो. दिसू दे. पुढच्या आठवड्यात टप पुरा झाला, पॉलिश झालं, वरून मेणाचा हात दिला. गाडीच्या दारात माझा चेहरा दिसायला लागला. मामांना दाखवायला नेली तेव्हा ते दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले. मग विचारलं, "हुबी कुठं करता?"

"उन्हात."

"का? शेड न्हाय?"

मी पहिल्यांदाच कुणाला तरी ते सगळं सांगितलं. आडनावाचं, गावातल्या बाजूचं. मामा ऐकून घेत फडकं झटकत होते.

"मग एवढं घासलं कशाला? मेण तीन म्हयनं टिकंल. पुन्हा घासायला आता रंग उरला न्हाय. सावली मागा, ताई. न्हाय दिली तर जाऊन हुबी करा."

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. नोटिशीचा विषय निघण्याआधीच मी उभी राहिले.

"शेडमधल्या सातव्या जागेवर कुणाची गाडी आहे?"

तिथं गाडी नव्हतीच. चेअरमनचा जुना सोफा आणि मोडकी व्यायामाची सायकल होती.

"ते तात्पुरतं ठेवलंय," चेअरमन म्हणाले.

"चार वर्षं झाली. भंगार महिनाअखेरपर्यंत हलवायचं, असं नोटिशीत लिहिलंय. सही तुमची आहे."

"सिस्टर, तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढताय."

"मी चौथी होते. मला जागा का मिळाली नाही, ते वहीत दाखवा. नसेल दाखवता येत तर तेही लिहा. मी सही करते."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या माझ्याशी कधी फारशा बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. द्या की जागा." मग आणखी दोघं बोलले. ठराव वहीत गेला. जागा का मिळाली नव्हती, ते मात्र शेवटपर्यंत कुणी लिहिलं नाही. मी ते अजून मागतेय. दर मीटिंगला मागते.

सोफा बुधवारी हलला. मी गाडी आत लावली आणि उतरून किल्ली हातात घेऊन थोडा वेळ तिथंच उभी राहिले. तेवढ्यात चेअरमन फाटकातून आत आले. मी मोठ्यानं म्हटलं, "जयभीम, साहेब."

ते जिना चढून गेले. तेव्हापासून मी रोज सकाळी म्हणते. गेल्या महिन्यापासून ते "नमस्कार" म्हणायला लागलेत. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जयभीमच म्हणते.