सांबार आणायला गेलेली गिरजा

गिरजाला झुल्यांचं वेड होतं, आणि ते वेड तिनं बावीस वर्षं चुलीमागं झाकून ठेवलं होतं. कुणाला सोन्याचं असतं, कुणाला देवाधर्माचं असतं, हिला वर जाऊन खाली येण्याचं. कुठल्या गावच्या जत्रेत टोराटोरा आला, कुठं ब्रेकडान्स, कुठं नुसताच आकाशपाळणा, ही बित्तंबातमी तिला भाजीवालीकडून नाहीतर एसटीतल्या बायांकडून लागायचीच. झुल्याची परीक्षाही तिची एकच. पोटात गोळा आला पाहिजे. वरून खाली येताना बेंबीच्या मागं एकदम रिकामं होतं आणि जीव घशाशी येतो, तो गोळा. रंगीत लाइटी आणि भोंग्यावरची गाणी तिच्या लेखी फुकट होती. "गोळा नाई आला तं तो झुला कायचा, खाटच झाली," असं ती म्हणायची.

हा गोळा तिला पहिल्यांदा भेटला तो बापाच्या डोंग्यात. बाप वारलू, वैनगंगेवर जाळं टाकणारा ढिवर, चामोर्शीकडचा. एकदा नदी फुगलेली असताना तो पोरांना पलीकडून घरी आणत होता. डोंगा लाटेवर चढला आणि धाडकन खाली बसला. भावानं भोकाड पसरलं. पाच वर्षांची गिरजा म्हणाली, "बाबा, अजून एक डाव." वारलूनं कपाळाला हात लावला, पण पोरीची नस त्याला तेव्हाच सापडली. पुढं दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तो सुक्या झिंग्यांची पुडी झुलेवाल्याच्या हातात ठेवायचा आणि तिला घेऊन पाळण्यात बसायचा. झुलेवाला कंटाळायचा, हे बापलेक कंटाळायचे नाहीत. बाप कायम शेजारी असायचा, म्हणून पोरीला एक गोष्ट कधी कळलीच नाही. झुल्यात बसायला शेजारी माणूस लागतो.

ते लग्नानंतर कळलं. नवरा केवळराम सिंदेवाहीकडचा. घरचं धान, गावच्या तलावात मासेमारी, दारू नाही, आवाज चढवणं नाही. नाव ठेवायला जागा नव्हती, फक्त बैलबंडीत उलटं तोंड करून बसला तरी त्याला भोवळ यायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरगावला गिरजानं त्याला लाडीगोडी लावून आकाशपाळण्यात बसवलं. दुसऱ्या फेरीला त्यानं नव्या सदऱ्यावर सगळं ओकलं. खाली उतरून तो अर्धा तास जमिनीला धरून बसला आणि म्हणाला, "आता मेलो तरी बसनार नाई." त्यानं शब्द पाळला. लेक आचल झाली, तीही बापावर गेली. आणि झुलेवाले एकट्या बाईला पाळण्यात घेत नाहीत. वजन एका अंगाला जातं, वर गेल्यावर बाई घाबरून उठली तर निस्तरायचं कुणी? "जोडी आणा बाई, जोडी," हे वाक्य गिरजानं इतक्या गावी ऐकलं होतं की झुलेवाल्याचं तोंड उघडायच्या आधीच ती मागं वळायची.

आपल्या गावच्या मंडईची तर वेगळीच तऱ्हा. दिवाळी उलटली की झाडीपट्टीत आज या गावची, उद्या त्या गावची मंडई भरते. बाजार, झुले, रात्री नाटक. ज्या गावची मंडई त्या गावातलं एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. नणंदा येतात, साडू येतात, साडूचे शेजारी येतात. पोरी पाहिल्या जातात, सोयरिकी जमतात. आता एवढ्यांना जेवू कोण घालणार? पाहुण्यांनी मंडई फिरायची आणि घरच्या बाईनं चूल सोडायची नाही, असा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, मोठी चूल मांडलेली असायची. तिथं बसलं की कौलांवरून आकाशपाळण्याचे वरचे तीन पाळणे दिसायचे. वर यायचे, दिसायचे, निघून जायचे. अशा बावीस मंडया गिरजानं वडे तळत काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात जायची. झुले पुढच्या गावी गेलेले असायचे. खांबांचे खड्डे तेवढे उरलेले. ती ते बघून यायची आणि भांडी घासायला बसायची.

मधल्या काळात आचल सिंदेवाहीला झेरॉक्सच्या दुकानात लागली आणि घरात मोबाइल आला. त्यावर गिरजानं रुळावरची गाडी पाहिली. रोलर कोस्टर. ती खट् खट् करत डोंगराएवढी चढते आणि माणसांसकट खाली कोसळते. गिरजानं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की एकदा तव्यावरची भाकर जळून काळी ठिक्कर झाली.

"ह्या गाडीत बसाले कुठी जा लागते?" तिनं विचारलं.

"दूर आहे आई. हैदराबादकडे."

"तिथी जोडी लागते का?"

आचल हसत सुटली. गिरजा हसली नाही, तिला खरंच विचारायचं होतं.

यंदाची मंडई जवळ आली तशी घरात दुसरीच धांदल उडाली. आचलला पाहायला गोंडपिपरीकडची मंडळी यायची होती, आणि मुहूर्त कोणता, तर मंडईचाच दिवस. सकाळी आले. मुलगा प्रफुल, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करणारा, बोलायला मऊ. सोबत त्याची आई रंजीताबाई. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. आत आल्यावर आचल म्हणाली, "आई, तू म्हणशीन तसं." केवळरामानंही हात झटकले. "मायनं पसंत केलं तं मले पसंत." म्हणजे जेवणं उरकली की शब्द गिरजानंच द्यायचा होता. मुलगा चांगला, घर खाऊन-पिऊन सुखी, माणसं गोड. नाही म्हणायला बोट ठेवावं अशी जागा नव्हती. तरी सकाळपासून तिच्या जिभेवर होकार येत नव्हता, आणि का येत नाही हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

दुपार कलली. पाहुणे मंडई फिरायला गेले. तिन्ही नणंदा ओसरीवर पाय पसरून बसल्या. मटण शिजत आलं आणि गिरजानं टोपलं उचलून पाहिलं. खाली सांबाराची हिरवीगार जुडी होती. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आमच्याकडं तिला सांबारच म्हणतात. गिरजानं ती जुडी बघितली, आणि टोपलं पुन्हा तिच्यावर ठेवलं.

"सांबार नाई घरात," ती ओसरीवर येऊन म्हणाली. "चट्‌दिशी घेऊन येतो."

"अवं, कोणाले तरी पाठव न," थोरली नणंद म्हणाली.

"कोणाले पाठवू, पाहुण्याले?" असं म्हणून ती पायात चप्पल सरकवून निघालीसुद्धा. बावीस वर्षांत ती घरी पहिल्यांदा खोटं बोलली होती, तेही सांबारावरून.

सांबाराची जुडी तिनं पहिल्याच दुकानी घेतली. पाय मात्र घराकडं वळले नाहीत. आकाशपाळण्यापाशी गर्दी होती, डिझेलचा वास होता, इंजिन धडधडत होतं. झुलेवाल्यानं तिच्या मागं कुणी आहे का बघितलं आणि म्हणाला, "जोडी?"

"एकटीच आहो."

"जोडी आणा बाई. आता ह्या बाईलेही तेच सांगितलं."

ह्या बाई म्हणजे कोण, तर हिरव्या पातळातल्या रंजीताबाई. सकाळी जिच्या हातात पोह्यांची बशी दिली तीच. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. सोयरीक पक्की असती तर ईनबाई म्हणून हाक मारायची, विहिणीला इकडं ईनबाईच म्हणतात. पण शब्द व्हायचा होता. गिरजाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चुलीशी असायला हवी ती बाई जुडी घेऊन झुल्यापाशी, आणि पकडली कुणी, तर मुलाच्या आईनं.

रंजीताबाईच आधी हसली. "बाई, आपली दोघींची झाली न जोडी."

बसल्या. दांडा लागला. पाळणा उचलला गेला तशी जमीन, दुकानं, जिलेबीची कढई खाली सरकत गेली. माथ्यावरून पाळणा पुढं कलला आणि तो आला. तोच, डोंग्यातला. गिरजानं डोळे मिटले नाहीत. बेंबीमागं सगळं रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या जागेत ना नणंदा होत्या ना वडे. दुसऱ्या फेरीला ती मोठ्यानं हसली. आपला एवढा मोठा हसण्याचा आवाज तिनंच कितीतरी वर्षांनी ऐकला. तिला फार फार आनंद झाला होता.

तिसऱ्या फेरीला पाळणा माथ्यावर पोचला आणि खाली काहीतरी फटकन वाजलं. इंजिनाचा पट्टा तुटला होता. झुला जागच्या जागी थांबला. खालून झुलेवाला ओरडून सांगत होता की कुणी उठू नका, दुसरा पट्टा सिंदेवाहीहून येतो आहे, अर्धा तास लागेल. सगळ्यांत वर गिरजा आणि रंजीताबाई. वरून गिरजाला आपलं घर दिसलं. कौलं दिसली, सांदवाडी दिसली, चुलीचा धूर दिसला. चुलीपाशी मात्र कुणी नव्हतं.

"माह्या मागं मटन लागन बुडाले," ती म्हणाली.

"लागू द्या," रंजीताबाई म्हणाली. मग आपणहून बोलायला लागली. "आमच्या गावची मंडई पंधरा दिवसांनं आहे. सव्वीस वर्षं झाली, मी आपल्या गावच्या झुल्यात नाई बसली. कशी बसू, घरी चाळीस पान. म्हणून दुसऱ्याच्या गावी गेली का चोरून बसतो. तेही कोणी जोडी भेटली तं."

आपल्यासारखी आणखी एक बाई या जगात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं रंजीताबाईचा हात धरला. रंजीताबाईनंही तो घट्ट धरला आणि अगदी मनापासून, मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं, "आता एकदा आचल आली का माही सुटका. पुढच्या मंडईले चूल ती सांभाळन. मी सकाळपासून झुल्यात."

ती सुखानं हसली. त्या हसण्यात खोट नव्हती. सव्वीस वर्षं कोंडलेली बाई, तिला दार दिसलं होतं. पण गिरजाचा हात तिच्या हातात तसाच थंड पडला. सकाळपासून जिभेवर होकार का येत नव्हता ते आत्ता कुठं लख्ख कळलं. डोळ्यांपुढं रंजीताबाईच्या घरची चूल आली, कौलांवरून वर येणारे तीन पाळणे दिसले, आणि चुलीशी बसलेली बाई आचल होती. पोरीला झुला आवडत नाही, खरं आहे. पण तिला आणखी काय काय आवडतं हे कुणी विचारलं होतं? गिरजानं मनात वाक्य जुळवलं. 'पोरगी लहान आहे बाई, आम्ही विचार करून सांगतो.' एवढंच बोलायचं. आठ शब्दांचं काम. वर दोघीच आहोत, इथंच बोलून टाकावं. तिनं तोंड उघडलं.

"अवं आचलची माय!"

खालून हाक आली. केवळराम उभा होता. भोवती निम्मं गाव, तिन्ही नणंदा, पाहुणे, प्रफुल. आणि बापाशेजारी आचल, दाखवण्यासाठी नेसलेल्या जांभळ्या पातळात. मान वर करून बघितलं तरी केवळरामाला भोवळ यायची, म्हणून तो जमिनीकडं बघत ओरडत होता. "सांबार टाक खाली. पाहुणे जेवाचे राह्यले."

लोक हसले. गिरजाची बोटं जुडीवर आवळली. खाली आचलनं पदर सोडला, दोन्ही हातांनी पसरला आणि वर बघितलं.

टाकायचं नाही, असं गिरजाला वाटलं. नक्की वाटलं. पण कुणी काही मागितलं की तिचा हात आधी पुढं व्हायचा आणि मन मागून पोचायचं. बावीस वर्षांची सवय ती. हात दांड्याबाहेर गेला, बोटं उघडली. जुडी गिरक्या घेत खाली गेली. आचल दोन पावलं मागं सरली आणि तिनं ती पदरात अलगद झेलली. एक पानसुद्धा खाली पडलं नाही. गावानं टाळ्या वाजवल्या. केवळराम खाली बघूनच हसला. आचल जुडी घेऊन लगबगीनं घराकडं निघाली, चुलीकडं. प्रफुल तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं कौतुकानं बघत राहिला.

रंजीताबाईनं गिरजाच्या मांडीवर थाप मारली. "पोरगी कामाची आहे. आता आणखी कायचा शब्द घेऊ? झालं तं मंग, ईनबाई."

गिरजाच्या तोंडात ते आठ शब्द होते. ते तिथंच राहिले. आचल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळानं सांदवाडीत दिसली. पदर खोचून ती चुलीपुढं बसली. गिरजाच्या बेंबीमागं सगळं रिकामं झालं, जीव घशाशी आला. तोच गोळा, पण झुला अजून जागचा हललाही नव्हता.